‘बाटलेल्या’ बायकांचा इतिहास

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे आमच्या जिल्ह्यातून जाते. कामठी मागे पडली की भंडारा रोड, मग तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, डोंगरगड. भंडारा रोड हे पाटीवरचं नाव, आम्ही त्याला वरठीच म्हणतो. याच मार्गावर १८९३ साली तिशी ओलांडलेला एक मराठी ब्राह्मण कवी राजनांदगावकडे निघाला होता. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. आधी संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थानं कवीच्या हातात नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्या कवीचा बाप्तिस्मा झाला. कवीचं नाव नारायण वामन टिळक.

मराठी ख्रिस्ती समाजात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यात एक प्रवासी आहे, एक अनोळखी माणूस आहे, एक पुस्तक आहे. टिळकांची बायको मात्र त्या गाडीत नव्हती, आणि निर्णय घेताना तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला या इतिहासात रस वाटू लागला तो तिच्यामुळे. उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला ‘स्मृतिचित्रे’ कधी ना कधी वाचावंच लागतं. शालेय पुस्तकांतून त्यातला उतारा अधूनमधून येत असतो. पण उताऱ्यात गमतीचे प्रसंग असतात. नवरा विसरभोळा आणि बायको खट्याळ, एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. पुस्तक त्याहून फार मोठं आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिली, आणि त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, माणसांना जवळ येऊ द्यायचं नाही, असा तो जाच होता. अशा घरातली मुलगी अकरा-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. नवरा प्रेमळ, हुशार, पण पायाला भिंगरी. आज इथं तर उद्या तिथं. आणि एक दिवस बातमी आली, नवरा ‘बाटला’.

या शब्दापाशी थोडं थांबू या. मराठीत ‘बाटणे’ म्हणजे विटाळणे. पाणी बाटतं, भांडं बाटतं, सोवळं बाटतं, आणि माणसानं धर्म बदलला की माणूसही बाटतो. एकच क्रियापद. वाचकांपैकी जे मुसलमान आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. गावगाड्यात, भांडणात, कधी थट्टेतसुद्धा तो आपल्या वाडवडिलांच्या नावानं आपल्या कानांवर पडलेला आहे. उर्दूत यासाठी ‘मुर्तद’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ माघारी फिरलेला. त्यात विटाळ नाही, पण दोष आहेच. दोन्ही भाषा जाणाऱ्याकडे पाठीमागून बघतात. तो कशासाठी गेला, हे या शब्दांना विचारायचंच नसतं. जाणारी बाई असेल तर तेवढंही नाही. तिला कुणीतरी नेली असणार, फूस लावली असणार, असंच धरून चालतात.

लक्ष्मीबाईंना कुणी नेलं नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पदरात लहान मुलगा, नातेवाइकांचा आधार. आजूबाजूचे लोक त्यांना जवळपास विधवाच समजत होते. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळं, आपली वेगळी चूल घेऊन. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली ब्राह्मण बायको. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जात गेली. माणसानं केलेली उतरंड देवाच्या नावावर कशी खपवायची, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला. जात सोडल्यानंतर, तिच्या मागोमाग, धर्माचा निर्णय आला. नवऱ्यानं पुस्तक वाचून जी वाट धरली, ती या बाईनं पाण्याच्या घागरीपासून आणि ताटापासून धरली. मला तिची वाट जास्त कठीण वाटते.

आता कायद्याची बाजू बघा. १८६६ साली इंग्रज सरकारनं नेटिव्ह ख्रिस्ती झालेल्यांसाठी विवाहविच्छेदाचा एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला कोर्टात जाता येई, आणि शेवटी लग्न मोडून घेता येई. दावा सुरू करण्याचा हक्क मात्र धर्म बदलणाऱ्याला. मागे राहिलेल्या बाईला त्या कायद्यानं स्वतः पहिलं पाऊल उचलता येत नव्हतं. टिळकांनी त्याचा वापर केला नाही आणि बायकोची वाट पाहिली. पण लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर ती टांगती तलवार होतीच.

आणि हे फक्त ब्राह्मण घरातलं प्रकरण होतं असं समजून आपण नामानिराळे होऊ शकत नाही. आपल्या समाजात याचं उलटं चित्र होतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. हिंदुस्तानातल्या कोर्टांत चालणाऱ्या हनफी फिकहप्रमाणे बाईला नवऱ्याच्या मर्जीशिवाय सुटका मिळणं जवळजवळ अशक्य होतं. नवरा बेपत्ता असो, खायला घालत नसो, मारत असो. मात्र बाईनं इस्लाम सोडला तर निकाह तुटतो, असं कोर्टं मानत. मग काही बायकांनी, विशेषतः पंजाबात, हाच दरवाजा वापरला. ख्रिस्ती झाल्याचं जाहीर करायचं आणि लग्नातून सुटायचं. इक्बाल यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांमध्ये पंजाबातल्या या बायकांचा उल्लेख करून फिकहच्या जाणकारांना बोचरा प्रश्न विचारला होता. देवबंदी परंपरेतले मोठे आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांनाही हा प्रश्न इतका गंभीर वाटला की १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘अल-हीलतुन-नाजिजा’ हे पुस्तक काढलं आणि मालिकी फिकहचा आधार घेऊन बाईला सुटकेची वाट मोकळी करून दिली. त्यातूनच पुढे मुहम्मद अहमद काझमी यांनी विधेयक आणलं आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, छळ, अशी कारणं त्यात आली. आणि त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं गेलं की फक्त इस्लाम सोडल्यामुळे बाईचा निकाह आपोआप तुटणार नाही. एक दरवाजा उघडला आणि दुसरा बंद केला.

आज शरियतनं बाईला किती हक्क दिले हे आपण व्यासपीठांवरून सांगतो, आणि ते सांगायलाही हवं. पण ते हक्क हिंदुस्तानातल्या बाईच्या हाती पडले, त्याच्या आधी काही अनाम बायकांना चर्चचा उंबरा ओलांडावा लागला, हेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हवं. त्यांतल्या किती जणींचा येशूवर खरोखर विश्वास बसला होता, याचा हिशेब अल्लाहकडे. कोर्टाच्या कागदात त्यांची श्रद्धा सापडत नाही, गरज तेवढी सापडते.

मिशनरी बायकांकडे येऊ. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळाशाळांत होते. भाषणं होतात, शेणाचे गोळे येतात, आता बरीच वर्षं फातिमा शेख यांचं नावही येतं. त्या कुठल्या शाळेत शिकवायला शिकल्या, हे मात्र भाषणात येत नाही. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिस सिंथिया फरार यांच्याकडे, आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. जोतीरावांना मुलींच्या शाळेची कल्पना सुचली तीही नगरची फरारबाईंची शाळा बघून.

फरारबाई १७९५ सालच्या, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या. १८२७च्या डिसेंबरअखेर त्या मुंबईत उतरल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेली ही पहिली अविवाहित स्त्री मानतात. तोपर्यंत बाई मिशनवर जायची ती पाद्र्याची बायको म्हणून. फरारबाई स्वतःच्या नावानं आल्या, आणि ते कशासाठी? तर मुलींच्या शाळांवर देखरेख ठेवायला, कारण मराठी घरांतल्या मुलींपर्यंत पुरुष पोचू शकत नव्हते. १८३९ साली त्या नगरला गेल्या आणि १८६२ साली तिथंच वारल्या. स्वतःच्या देशात ज्या बाईला मताचा हक्क नव्हता, चर्चमध्ये उपदेशाला उभं राहता येत नव्हतं, तिला नगरमध्ये शाळा चालवता आली. इथल्या पडद्यानं तिथल्या बाईला नोकरी दिली, असंच म्हणावं लागेल. पुढे ‘जनाना मिशन’ या नावानं याचीच मोठी यंत्रणा उभी राहिली. गोऱ्या शिक्षिका, डॉक्टरणी आणि त्यांच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या देशी ‘बायबल बाया’ घरांच्या आतल्या चौकात जाऊन बसू लागल्या, मुसलमान घरांतसुद्धा. आमच्या नागपूरचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल याच लाटेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्कॉटिश मिशनच्या डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन यांच्या कामातून उभं राहिलं.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता का? होता, आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. साम्राज्याची सावली त्यांच्यावर होती का? होती. म्हणून त्यांच्या वर्गात बसलेली मुलगी जे शिकली ते खोटं ठरत नाही. सावित्रीबाई फरारबाईंकडे शिकल्या आणि ख्रिस्ती झाल्या नाहीत. शिक्षकाचा हेतू एक असतो आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरतं ते वेगळंच, हे वीसेक वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. फातिमांबद्दल एवढंच म्हणतो, की सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचं नाव आहे. कामाचा भार एकटीवर पडल्यानं तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा तो उल्लेख. सोशल मीडियावरच्या रंगीत चित्रांपेक्षा मला त्या पत्रातलं ते एक नाव मोलाचं वाटतं.

पुण्यात आणखी एक घर होतं, ज्याचं नाव उर्दू शाळांच्या इतिहासात कुणी घेत नाही. फ्रान्सिना सोराबजी. पती पारशाचे ख्रिस्ती झालेले. त्यांनी १८७६ साली पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं आणि त्याच्या जोडीला मराठी, गुजराती आणि उर्दू शाळा काढल्या. उर्दू शाळा मुसलमान मुलांसाठी. एका ख्रिस्ती बाईनं मुसलमान मुलांना त्यांच्या भाषेत शिकवावं, हा विचार त्या काळात किती जणांना सुचला असेल! त्यांची मुलगी कॉर्नेलिया, १८६६ची, जन्म नाशिकचा. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, मग ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेली पहिली स्त्री. परीक्षा दिली १८९२मध्ये आणि विद्यापीठानं पदवी दिली १९२२मध्ये, कारण १९२०पर्यंत ऑक्सफर्डच बायकांना पदवी देत नव्हतं. कॉर्नेलियांनी पुढे बंगालकडे पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम पाहिलं. त्या बायकांना पुरुष वकिलासमोर येता येत नव्हतं आणि त्यांच्या जमिनी कारभारी गिळत होते. बहीण अ‍ॅलिस डॉक्टर झाली आणि सरहद्दीवरच्या बन्नूमध्ये पठाण बायकांवर उपचार करत राहिली.

आता पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून जन्म, बालपण, दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू, कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं, बंगाली नवऱ्याशी नोंदणी पद्धतीचं लग्न आणि दोन वर्षांत आलेलं वैधव्य, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे असं धरून पुढे जातो. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं जोगिणींच्या मठात लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. जोतीरावांनी मात्र १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

पुण्याच्या लोकांना वाटलं बाई गोऱ्यांच्या ताब्यात गेली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना काही महिन्यांतच कळलं, की ही बाई कुणाच्याच ताब्यात जाणारी नाही. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे. इतका प्रेमाचा आणि इतका कडवा वाद मी क्वचितच वाचला आहे. रमाबाई अंड्याचं पुडिंग खात नव्हत्या, तर जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर रमाबाईंचं म्हणणं की मला लॅटिन कळत नाही आणि माझ्या देशातल्या लोकांनाही कळत नाही, तिथं संस्कृत का नको? पुढे प्रकरण सिद्धांतापर्यंत गेलं. चर्चनं सांगितलेलं त्रैक्य बायबलमध्ये मला सापडत नाही, त्यामुळे मी ते डोळे मिटून मान्य करणार नाही, असं त्यांनी त्या काळात स्पष्ट कळवलं. मुसलमान वाचक इथे खूश होतील, तर सांगून ठेवतो, की रमाबाई इस्लामकडे झुकत नव्हत्या. मी एका पुरोहितशाहीतून सुटून आले ती दुसरीच्या हाती मान द्यायला नव्हे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पुढच्या आयुष्यात त्यांची श्रद्धा येशूवर अधिकाधिक घट्ट होत गेली. चर्चच्या हुकमती मात्र त्यांनी कधी मानल्या नाहीत.

एक प्रसंग तर आजच्या वाचकाला हसू आणणारा आहे. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात अशी सूचना निघाली. हिंदुस्तानातल्या इंग्रज बिशपांना विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला, म्हणे बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची पत जाईल. रमाबाई संतापल्या. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भर सभेत पंडितांसमोर जी बाई संस्कृतात बोलली, जिनं १८८२मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, तिला सांगायचं की तुझ्या देशात हे चालत नाही!

त्याच इंग्लंडच्या चर्चनं बायकांना पाळक केलं ते १९९४ साली, बिशप केलं २०१५ साली, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुल्लाली या स्त्रीची निवड जाहीर झाली ती २०२५च्या ऑक्टोबरमध्ये. रोमन कॅथलिक चर्चमध्ये आजही बाई पाळक होऊ शकत नाही. आपल्याकडे, उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केलं, ते नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. त्या चर्चमध्ये बायका पाळक होतात. दक्षिणेतल्या भगिनी-चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. धर्मगुरूच्या आसनावर बाईनं बसावं की नाही, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवावा. मी एवढंच पाहतो, की तो सुटायला रमाबाईंच्या पत्रांनंतर शंभराहून जास्त वर्षं गेली.

१८८६मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी गेल्या, आणि तिथं त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहून पैसा उभा केला. बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू, पुढच्या बाया कर्वे. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये त्यावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली, आणि पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. कुणाचं बरोबर? पालकांनी विश्वासानं मुली सोपवल्या होत्या, त्यांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण दार लावून घ्या असं सांगणं म्हणजे स्वतःच्या घरात लपून नमाज पढ असं सांगणं. माझा कल रमाबाईंकडे आहे. मुलींना धर्माचं बोलणं ऐकूच द्यायचं नाही, म्हणजे त्यांना अक्कल नाही असंच धरलं, मग शाळा काढली कशाला?

आमच्या भागाशी रमाबाईंचा संबंध आला तो दुष्काळामुळे. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६पर्यंत तो नागपूरसह तिकडेच राहिला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. धानाचा हा मुलूख, पाऊस चुकला की बोडी कोरडी आणि घर उपाशी. रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळात आईबाप गमावलेले. त्या मध्य प्रांतात फिरल्या, सरकारी अन्नछत्रांमध्ये मुलींचे काय हाल होतात, त्यांना पळवून नेणारे कोण कोण टपलेले असतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. जवळजवळ तीनशे मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. तिथं ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि एकूण संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना, आणि सगळीकडे बायका. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ वेगळं. या मुलींमध्ये सगळ्या जातींच्या होत्या. शारदा सदनाच्या ब्राह्मण विधवांपासून सुरू झालेलं काम दुष्काळानं खऱ्या अर्थानं सगळ्यांचं केलं.

आणि रमाबाई सरकारच्या हातातलं बाहुलं होत्या असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिलेलं पत्र आठवावं. प्लेगच्या नावाखाली इस्पितळात बायकांची कशी विटंबना होते, हे त्यांनी नाव घेऊन मांडलं आणि गव्हर्नरचा रोष पत्करला.

१९०५मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक लाट आली. मुली रात्र रात्र रडत, गात, अनोळखी शब्दांत बोलत. जगातल्या पेंटेकोस्टल पंथाचा इतिहास सांगताना लोक १९०६च्या लॉस एंजेलिसपासून सुरुवात करतात. केडगाव त्याआधीचं. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिनी अ‍ॅब्रम्स यांनी या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीमध्ये राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर यांना, पाठवलं. ते वाचून हूवर दांपत्याच्या व्हालपराइसोच्या मेथडिस्ट चर्चमध्ये खळबळ झाली आणि १९०९-१०च्या सुमारास तिथं वेगळं चर्च निघालं, ज्याचे अनुयायी आज चिलीत लाखोंनी आहेत. दौंड तालुक्यातल्या माळावर बसलेल्या दुष्काळी पोरी, आणि त्यांच्यामुळे पार पॅसिफिक किनाऱ्यावरची चर्चं! त्या पोरींपैकी बहुतेकींची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. मध्य प्रांतातून नेलेल्या तीनशेंपैकी कितीजणी आमच्या बाजूच्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रमाबाईंचं शेवटचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, कदाचित भाषेचा मास्तर असल्यामुळे. बायबलची मराठी भाषांतरं होती, पण त्यांत संस्कृत शब्दांची गर्दी. मुक्तीतल्या मुलींना ती कळत नव्हती. संस्कृताची पंडिता म्हणवणाऱ्या या बाईनं ठरवलं, की संस्कृत बाजूला ठेवायचं. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि दीड दशकाहून जास्त काळ एकट्यानं मुळावरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणत राहिल्या. जुन्या धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द त्यांनी वेचून काढले. परिणामी मराठी कधीकधी ओबडधोबड झाली, हेही खरं. वाचताना ठेचा लागतात. विद्वानांनी नाकं मुरडली. शाह अब्दुल कादिर देहलवींच्या उर्दू कुरआनावरही पुढच्या काळातल्या लोकांनी असाच जुनाट म्हणून शेरा मारला, पण घराघरातल्या बायका वर्षानुवर्षं तेच वाचत राहिल्या.

संपूर्ण बायबल एकट्या बाईनं भाषांतरित करण्याची उदाहरणं जगात फार थोडी. अमेरिकेत कनेक्टिकटच्या जुलिया स्मिथ यांनी १८७६ साली आपलं इंग्रजी भाषांतर स्वखर्चानं छापलं. आपल्याकडे कुरआनाच्या बाबतीत तर बाईनं केलेलं भाषांतर म्हटलं की लाले बख्तियार यांचं २००७चं इंग्रजी भाषांतर आठवतं, आणि त्यावर झालेला गदारोळही. सूरह निसातल्या चौतिसाव्या आयतीतल्या एका क्रियापदाचा त्यांनी लावलेला अर्थ लोकांना झेपला नाही. मराठीत कुरआनाची भाषांतरं आहेत. त्यांतलं एखादं बाईनं केलेलं असावं, आणि ते आमच्या तुमसर-पवनीच्या मुलींनी वाचावं, असं मला फार वाटतं. दरवर्षी वर्गात अशा दोन-तीन मुली असतातच, ज्यांना अरबीची ओढ असते आणि ज्यांची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ असते. दहावीनंतर त्यांतल्या बहुतेकींचं काय होतं, ते वाचकांना सांगायला नको.

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. आईच्या मागे मुक्ती सांभाळायची तीच होती. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. पूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, पानं घडी करून शिवणाऱ्या सगळ्या त्याच बायका होत्या, ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं होतं, आणि ज्यांच्यासाठी गावाकडे एकच शब्द उरला होता.